खडूची रेघ

सोलापूरची संक्रांतीची जत्रा, गड्डा, बघायला दादा पुण्याहून आला, तेव्हा आमची गाडी पोर्चमध्ये निपचित उभी होती. रविवारी बाबांनी ती सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत नेऊन आणली होती. गुरुवारी चावी फिरवली, तर बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू आली.

ही तिसरी वेळ. पहिल्यांदा डिसेंबरात हे घडलं, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि बाबांच्या छातीत दुखत होतं. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी दादानं पुण्यातून फोनवर नवी बॅटरी मागवली. जुनी बदल्यात देऊन टाकली आणि प्रश्न मिटला असं आम्ही धरून चाललो. नवी बॅटरी महिनाभरात दोनदा उतरली. पहिल्या वेळी दुकानदारानं ती चार्ज करून, लोड टेस्टरवर तपासून परत दिली आणि सांगितलं, बॅटरीत काही दोष नाही.

या वेळी गाडी बघायला आलेल्या मामांनी पुणे नाक्याजवळ पस्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं. हैदराबाद हायवेवरच्या ट्रकांची वायरिंग रात्री-अपरात्री टॉर्चच्या उजेडात जोडली. आता दुकान नाही, पण मीटर आणि टेस्ट लॅम्पची पेटी अजून त्यांच्या स्कूटरच्या डिकीत असते. दादा सॉफ्टवेअरमधला. एक संध्याकाळ आणि एक सकाळ या दोघांचं पोर्चमध्ये जे बोलणं झालं, ते मी आठवेल तसं लिहून ठेवलं. सोलापुरात गल्लोगल्ली अशा गाड्या उभ्या आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला; गाडी आणि आईवडील इथे. म्हणून हे आमच्या एका घरापुरतं वाटलं नाही.

दादा : मामा, सरळ सांगतो. मला कारण नको, गाडी सुरू व्हायला हवी. दुसऱ्या कंपनीची बॅटरी मागवतो, तासाभरात माणूस येऊन बसवून जाईल. नाहीतर कट-ऑफ स्विच लावून द्या. गाडी लावली की करंट बंद. विषय संपला.

मामा : एक बॅटरी बदलून झाली की. संपला का विषय?

दादा : पहिली चार वर्षांची होती, ती जायचीच होती. ही खराब निघाली असेल.

मामा : दुकानदारानं तपासून दिली ना? चांगली आहे म्हणाला. मग चांगली, भरलेली बॅटरी चार दिवसांत रिकामी होते, तर तो करंट जातो कुठं? गाडी बंद करून तुम्ही घरात जाता आणि मागं कुणीतरी तो खायलंय की.

दादा : आपल्या इथलं ऊनही कारण असू शकतं.

मामा : ऊन बॅटरीला मारतं, हे खरंच आहे. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३ च्या पुढं जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक क्रिया साधारण दुपटीनं वाढते, तेवढं आयुष्य कमी होतं. म्हणून थंड गावातल्या बॅटरीइतकी आपली टिकत नाही. पण ऊन काही महिन्यांत, वर्षांत मारतं. चार दिवसांत नाही. आणि आत्ता जानेवारी आहे.

दादा : बरं, लॉकडाऊन आठवा. २५ मार्च २०२० ला सगळं बंद झालं. तीन आठवड्यांनी आमच्या सोसायटीतल्या किती गाड्या उठल्या नाहीत! त्या सगळ्यांत काय बिघाड होता? गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, एवढंच आहे हे.

मामा : हे चांगलं काढलंस. आता हिशोब करू. (मला) घे गं वही. आपली बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे एक अँपिअरच्या हिशोबानं ढोबळमानानं ३५ तास पुरेल. आताची गाडी बंद असली तरी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, रिमोटचं कुलूप, चोरी रोखणारी यंत्रणा, संगणकाची आठवण, हे सगळं थोडं थोडं घेत राहतं. चांगल्या गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धर. दिवसाला किती?

दादा : ०.७२ अँपिअर-अवर.

मामा : म्हणजे निम्मी बॅटरी खाली व्हायला २४ दिवस. लॉकडाऊनचे पहिले २१ दिवस, वर एप्रिलचं ऊन, आणि बॅटरी आधीच अर्धवट भरलेली. ती बसणारच. तिथं गाडीचा दोष नव्हता, उभं राहणं हेच कारण होतं. आपली गाडी चार दिवसांत बसते. कुठं २४ आणि कुठं ४? लक्षण एकच दिसतं, पण रोग दोन आहेत. दोन्हींना एकच औषध द्यायला निघालास तर कसं व्हायचं?

दादा गप्प बसला, पण त्याला पटलं नव्हतं. मामा बोलता बोलता टर्मिनलवरची पांढुरकी बुरशी बघत होते. त्यांनी आईकडून कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा मागून घेतला, जुन्या ब्रशनं टर्मिनल घासली, बॅटरीचा वरचा भाग फडक्यानं कोरडा केला. तिथल्या आम्लाच्या ओलसर थरातूनही थोडा करंट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झिरपतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दादा : पूर्वीच्या गाड्यांत ही भानगड नव्हती ना? आजोबांची फियाट महिना महिना उभी असायची.

मामा : तिच्यात बंद असताना करंट घेणारं होतंच काय? फार तर घड्याळ. आणि बॅटरी बसलीच तर चार पोरं बोलवायची, धक्का मारायचा. त्याच्याही आधी हँडल मारायचे.

दादा : ते मी वाचलंय. शिसं-आम्लाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांतेनं १८५९ साली केली. पण मोटारीत विजेचा सेल्फ-स्टार्टर आला तो १९१२ साली, कॅडिलॅकमध्ये. चार्ल्स केटरिंगनं तो तयार केला.

मामा : सन मला माहीत नव्हतं. पण बघ, तेव्हा बॅटरीचं मुख्य काम म्हणजे एक जोरदार धक्का. सेल्फ उठवायचा आणि मोकळं व्हायचं. पेटीच्या आत अजून शिसं आणि आम्लच आहे, पण आता तिला धक्का देऊन झाल्यावर रात्रभर पहाराही द्यावा लागतो. कुणीही नवीन वस्तू बसवली की तिच्याच ताटात हात घालतं. म्हणून जुन्या काळापेक्षा आता मोजणं जास्त गरजेचं झालंय.

दादा : मामा, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण त्या रात्री मी अडीचशे किलोमीटरवर होतो. घरून फोन आला, बाबा घामाघूम झालेत आणि गाडी सुरू होत नाही. माझे हात थरथरत होते. त्या वेळी मला कुणी म्हणालं असतं की आधी मोज, तर मी फोन आपटला असता. म्हणून मी बॅटरी मागवली. मला खात्री विकत घ्यायची होती.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. हातातलं फडकं त्यांनी घडी करून बॉनेटवर ठेवलं.

मामा : त्या वेळी बॅटरी बदललीस ते बरोबरच केलंस. मी असतो तर मीही बदलली असती. रोगी समोर आला की आधी जीव सांभाळायचा, निदान मागून. पण मागून तरी करायचं होतं ना? महिना झाला, कुणीच मोजलं नाही. आणि तू म्हणतोस ती खात्री बॅटरीबरोबर आलीच नाही. आज रात्री बाबांना काही झालं तर? नवी कोरी बॅटरी, आणि पुन्हा तीच टकटक.

दादाकडे याला उत्तर नव्हतं.

मामा : तू सहावीत होतास. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. तुमची टाकी दुसऱ्या दिवशीच तळाला जायची. शेजारी म्हणायचे, मोठी टाकी बांधा. तुझ्या बाबांनी काय केलं होतं, आठवतंय?

दादा : रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

मामा : मग?

दादा : मग एकेक कॉक बंद करून बघत गेले. फ्लशच्या टाकीचा वॉशर गेला होता. पाणी आतल्या आत वाहत होतं, आवाजही येत नव्हता.

मामा : मोठी टाकी बांधली असती तर?

दादा : एक दिवस जास्त पुरली असती.

मामा : उद्या सकाळी आपण रेघ मारू.

रात्रभर चार्जर लावला. सकाळी तो काढून बॅटरी दोन तास तशीच ठेवली, मग मामांनी मीटरची टोकं टेकवली : १२.७ व्होल्ट. इंजिन बंद असताना १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी तशीच ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरून ती कायमची दुबळी होते. मग गाडी सुरू केली : १४.२. मामा अजून अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात. डायनामो नीट भरतोय, त्यांनी सांगितलं. बॅटरीही निर्दोष आणि तोही निर्दोष. उरलं ते खाणारं कोण, एवढंच.

ड्रायव्हरकडचं दार उघडंच ठेवून त्यांनी त्याच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवली, म्हणजे दार लागलं असं गाडीला वाटावं, आतला दिवा विझावा आणि फ्यूज बॉक्सपर्यंत हात मात्र पोचावा. रिमोटनं गाडी लॉक केली आणि चावी घरात देवघरापाशी ठेवायला लावली. चावी जवळ असली तर काही गाड्या जाग्याच राहतात. मग दहा नंबरच्या पान्ह्यानं निगेटिव्ह टर्मिनल ढिलं केलं. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली आणि काढलेली केबल व बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर जोडला. जोडताना बाजूनं एक साधी वायर धरली होती, ती मागून काढून घेतली, म्हणजे करंट क्षणभरही तुटला नाही.

मामा : आता एक पक्कं लक्षात ठेवायचं. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो, मीटर जागेवर जळेल.

दादा : २.८ दाखवतंय. केवढं हे!

मामा : थांब की जरा. गाडी अजून जागी आहे. माणूस अंथरुणावर पडला की लगेच झोपतो का? अर्धा तास तरी द्यायचा. घाई करणारे मेकॅनिक इथंच चुकतात. जाग्या गाडीचा आकडा बघून भलतीच वस्तू बदलायला सांगतात.

आईनं चहा आणला. तिळगुळाच्या वड्या उरल्या होत्या. आकडा टप्प्याटप्प्यानं उतरत गेला आणि पंचवीस मिनिटांनी ०.३४ वर थांबला, तो थांबलाच.

दादा : ०.३४ गुणिले २४... आठच्या वर. ३५ भागिले आठ. (थोडं थांबून) चारेक दिवस. मामा, तेच चार दिवस.

मामा : ही आपली खडूची रेघ. आता एकेक कॉक.

दादा : फ्यूज काढला की एखादा भाग पुन्हा जागा होतो म्हणतात. त्यापेक्षा फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजता येतात. ज्या फ्यूजमधून करंट वाहतोय तिथंच आकडा येईल.

मामा : हे चांगलं आहे. माझ्या वेळी एवढे बारीक मीटर नव्हते. तू मोज, मी काढून पडताळतो.

दादा गुडघ्यावर बसून फ्यूज बॉक्समध्ये डोकं घालून मोजू लागला. शून्य, शून्य, शून्य. अकराव्या फ्यूजवर आकडा आला. मामांनी तो चिमट्यानं उचलला आणि मी बाहेरून वाचून दाखवलं : ०.०३.

त्या फ्यूजच्या पायाला एक बारीक लाल वायर गुंडाळून घातलेली होती. ती डॅशबोर्डखालून, दाराशेजारच्या खांबाच्या आतून वर गेली होती आणि आरशामागच्या कॅमेऱ्यात संपत होती.

तो कॅमेरा दादानं दिवाळीत बसवून घेतला होता. बाजारात एका दुचाकीवाल्यानं गाडीला ओरखडा काढून उलट बाबांनाच चार लोकांसमोर बोल लावला होता. बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. पुन्हा असं झालं तर बाबांकडे पुरावा असावा, गाडी उभी असतानाही कुणी धक्का मारला तर दिसावं, म्हणून त्यानं पार्किंगमध्येही चालू राहणारा कॅमेरा निवडला. बसवणाऱ्यानं त्याची वायर कायम करंट असलेल्या फ्यूजवरून घेतली. दिवाळीनंतर पाच-सहा आठवड्यांत पहिली बॅटरी बसली. मधल्या काळात गाडी रोज थोडी चालत होती म्हणून उघडं पडलं नव्हतं. थंडी वाढली, बाबांचं बाहेर पडणं कमी झालं आणि ते दिसलं.

दादा : म्हणजे मीच.

मामा : तू कशाला? कॅमेरा वाईट नाही आणि तो लावण्यामागचा हेतू तर मुळीच नाही. वायर चुकीच्या घरी जोडली गेली, एवढंच. चावी फिरवल्यावरच ज्याला करंट येतो अशा फ्यूजवरून घेऊ. पार्किंगमध्येही चालू हवा असेल, तर व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की आपोआप तोडणारी वायरिंग मिळते, ती घालू. पण मला वाईट त्या जुन्या बॅटरीचं वाटतं. दहाएक किलोची वस्तू, त्यात निम्म्याहून जास्त शिसं. तिच्यात काही दोष होता की नाही, हे आता कुणालाच कळायचं नाही. आपण तपासल्याशिवाय तिला मेलेली ठरवलं.

दादा : निदान दुकानदाराला परत दिली, भंगारवाल्याला नाही.

मामा : ते बरोबर केलंस. शिसं उघड्यावर वितळवतात, ते पोरांच्या रक्तात जातं. कायदाही आता तेच सांगतो, २०२२ च्या नियमांपासून तर जास्तच कडक.

दादा : पण मामा, प्रत्येक घरात तुम्ही नसता. माझ्या पुण्यातल्या मित्राच्या आईनं काय करायचं?

मामा : तिनं मीटर धरायची गरज नाही. तिनं मेकॅनिकला प्रश्न विचारायचे. बॅटरी पूर्ण चार्ज करून मग तपासली का? गाडी सुरू असताना डायनामो किती व्होल्ट देतो? आणि गाडी झोपल्यावर किती करंट खाते? तिसऱ्याचं उत्तर आकड्यातच मागायचं. आकडा न सांगता जो नवी बॅटरी सुचवतो, त्याला म्हणायचं, आधी मोजा. आणि स्वतःलाही एक विचारायचं, त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीत शेवटचं काय बसवलं होतं? टेप, ट्रॅकर, कॅमेरा, जास्तीचा हॉर्न. पुष्कळदा उत्तर तिथंच असतं.

दादा : आणि सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर?

मामा : मग जाड वायर बघायची, जिला हे छोटे फ्यूज नसतात. डायनामोतला डायोड गेला की बॅटरी उलटी त्याच्यातून गळते. गाडी बंद करून तीन-चार तास झाले आणि बाकी इंजिन गार असताना डायनामो कोमट लागला, तर समजायचं. तिथपर्यंत घरी जायचं नाही, माणूस बोलवायचा. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला हात लावायचा नाही, कितीही मोठा कारागीर असलास तरी.

वायर बदलली. कॅमेऱ्याला नवा फ्यूज मिळाला. पुन्हा अर्धा तास थांबून मोजलं : ०.०३. दादानं तो आकडा फोनमध्ये टिपला नाही, माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिला.

दादा : आता २४ दिवस.

मामा : निम्म्यापर्यंत. आता तुझा दुसरा रोग राहिला, उभं राहण्याचा. तिथं तुझा कट-ऑफ स्विच शोभतो. महिनोन् महिने गाडी लावून परदेशी जाणाऱ्यानं जरूर बसवावा. पण इथं बाबांचे गुडघे दुखतात, रोज बॉनेट कोण उघडणार? आणि रात्री साडेअकराला तो स्विच लक्षात कुणाच्या राहणार?

दादा : मग पोर्चमध्येच दहा मिनिटं सुरू करून ठेवायची?

मामा : त्यात फार काही भरत नाही. वर धूर घरात. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवायला हवी. अक्कलकोट चाळीस किलोमीटर आहे. स्वामींचं दर्शन होतं आणि बॅटरीही भरते.

दादानं बाबांकडे बघितलं. बाबा दारातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि सांगितलं की हायवेवर आता त्यांना भरवसा वाटत नाही. तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे सहा वर्षांपासून लायसन्स आहे आणि गावाबाहेर मी एकदाही गाडी काढलेली नाही. दादा घरी असताना कधी गरज पडली नाही. तो गेल्यावर धीर झाला नाही. डिसेंबरातल्या त्या रात्री गाडी सुरू झाली असती, तरी ती चालवायला मी तयार होते का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

दादा रविवारी गेला. जाताना त्यानं मीटर माझ्यासाठी ठेवून घेतला. मामांनी तो पैसे न घेता दिला.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी बॉनेट उघडलं, काळं टोक निगेटिव्हला, लाल पॉझिटिव्हला टेकवलं. गाडी चार दिवस जागची हलली नव्हती. १२.६. वहीत तारीख टाकून लिहिलं. मग चावी फिरवली आणि सेल्फ पहिल्या झटक्यात उठला. बाबा बाजूच्या सीटवर येऊन बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, अक्कलकोट रोडनं घे, सावकाश.